सिस्टर, एक विचारू? : पहिली चूक कुणावर करायची

मागच्या अंकात एका नर्सिंग कॉलेजातल्या तालमीबद्दल मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या. वर्गात एक नट मनोरुग्ण होऊन बसतो आणि विद्यार्थिनी त्याच्याशी बोलायला शिकतात, एवढंच. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देते. मधुमेहातल्या पायांच्या काळजीबद्दल विचारणाऱ्यांनी महिनाभर थांबावं. पायाला जखम असेल तर मात्र माझ्यासाठी थांबू नये, दवाखाना गाठावा.

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पाचव्या सेमिस्टरला आहे. पुढच्या महिन्यात मनोरुग्णालयाचं पोस्टिंग आहे. सिनिअर मुली सांगतात, तिथे पेशंट अंगावर धावून येतात. त्याआधी कॉलेजात ‘सिम्युलेशन’ घेणार आहेत, म्हणजे आमच्याच एक मॅडम पेशंट होणार. रोज हजेरी घेणाऱ्या मॅडमना तसं बघून मला हसूच येईल. याचा उपयोग काय? (विद्यार्थिनी, अमरावती)

हसू येईल, येऊ दे. पहिली दोन मिनिटं सगळ्यांनाच येतं. तिसऱ्या मिनिटाला मॅडम तुझ्याकडे न बघता म्हणतील, “तुला पाठवलंय ना त्यांनी, माझ्यावर नजर ठेवायला?” तेव्हा तुझं हसू कुठे जातं ते बघ.

उपयोग काय ते माझ्याच गोष्टीवरून सांगते. १९८४ साल. मी वीस वर्षांची, पहिलंच पोस्टिंग. फीमेल वॉर्डात खिडकीशी एक आजी बसायच्या. मला म्हणाल्या, “पोरी, खाली माझा मुलगा हाका मारतोय बघ.” मी खिडकीतून वाकून पाहिलं. खाली नुसतं पाण्याचं टाकं. मी म्हटलं, “कुठे कोण आहे आजी? काहीतरीच काय बोलता!” आजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि उरलेले तीन आठवडे माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला तर त्यांच्यावरच प्रोसेस रेकॉर्डिंग लिहायचं होतं. म्हणजे पेशंट काय म्हणाला, मी काय म्हटलं, तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं, हे तीन रकान्यांत. तुम्ही आजही तेच लिहिता. हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेनं १९५२ साली नर्स आणि रुग्ण यांच्या नात्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासूनची ही परंपरा. मी काय केलं? होस्टेलवर बसून सगळा संवाद मनानं रचला. दहापैकी आठ मार्क पडले.

तर मुली, माझी पहिली चूक मी एका आजारी बाईवर केली. तुला ती मॅडमवर करायला मिळतेय. मॅडम तीन आठवडे अबोला धरणार नाहीत, दहा मिनिटांनी तुझ्याबरोबर चहा पितील.

आजींना मी काय म्हणायला हवं होतं? “हो हो, मलाही ऐकू येतंय” असं नाही, कारण ते खोटं आहे आणि त्यानं भास पक्का होतो. “कुणी नाही तिथे” असंही नाही, कारण त्यांना ऐकू येतंच होतं. म्हणायचं असं : “मला हाक ऐकू आली नाही आजी. पण तुम्हाला येतेय, आणि तुमचा जीव खालीवर होतोय हे दिसतंय. काय म्हणतोय मुलगा?” या शेवटच्या प्रश्नात सगळी मेख आहे. आवाज नुसता हाक मारतोय की ‘खिडकीतून ये’ म्हणतोय, हे कळलं पाहिजे. दुसरं असेल तर त्या क्षणी आजींना खिडकीजवळ एकटं सोडायचं नाही आणि इन्चार्ज सिस्टरना सांगायचं. हे वाक्य पुस्तकात वाचून येत नाही. तोंडातून दहा वेळा निघावं लागतं, तेव्हा अकराव्या वेळी वॉर्डात आपसूक येतं.

गप्प बसणंही असंच तालमीत येतं. उदास माणूस उत्तराला वेळ घेतो. मुलींची तालीम घेताना मी हातात घड्याळ घेऊन बसते. सहा-सात सेकंद शांतता झाली की मुली कासावीस होतात आणि दुसरा प्रश्न फेकतात, मग तिसरा. पेशंट पहिल्या प्रश्नाचं उत्तर जुळवत असतो तोवर आपण तिसऱ्यावर पोचलेलो असतो.

आणि आत्महत्येचा प्रश्न. “काही वाईट विचार येतात का?” असं तुम्ही जमिनीकडे बघत विचारता. पेशंट तुमची लाज राखतो आणि “नाही” म्हणतो. सरळ विचारायचं : “जगणं नकोसं झालंय का? जीव द्यावासा वाटतो का? कसा द्यायचा, ते ठरवलंय का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात पेरला जात नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. पण “जीव द्यावासा वाटतो का” हे सहा फुटांवर बसलेल्या जिवंत माणसाच्या डोळ्यांत बघून पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडतो. तो तुझा कॉलेजातच पडून जाऊ दे.

अंगावर धावून येण्याचं म्हणशील तर वॉर्डात पाऊल टाकल्यावर तुला बहुतेक जण भिंतीला टेकून बसलेले दिसतील. तू त्यांना भितेस त्याहून ते जास्त भ्यालेले असतात. तरी सावधगिरी शिकायचीच. ओढणी पिनअप, वेणी आत, आयकार्डाची दोरी गळ्यात नको. दोन हातांचं अंतर, उभं राहायचं जरा तिरकं, छातीसमोर छाती नको. दाराकडची वाट तुलाही मोकळी आणि त्यालाही.

मी जी.एन.एम. या नर्सिंग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलगा आहे म्हणून वॉर्डात पेशंटला धरायला, बांधायला दर वेळी मलाच हाक येते. सिम्युलेशनमध्येही मला तेच काम दिलं. हे बरोबर आहे का? (ब्रदर, लातूर)

नाही. आणि हे तुमच्या ट्यूटरनाही दाखवा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा. त्यातलं ९७ वं कलम सांगतं की रुग्णाला जखडून ठेवायचं ते त्याला किंवा दुसऱ्याला तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि ती टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच. त्याला प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी लागते, नोंद लागते आणि रुग्णानं नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवावं लागतं. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. शिवाय ‘स्टाफ कमी आहे’ या कारणानं बांधता येत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. हे वाक्य मी वर्गात दोनदा वाचून घेते, कारण आपल्याकडे खरं कारण बहुधा तेच असतं. एकांतकोठडी पूर्ण बंद. साखळदंड तर कुठल्याही स्वरूपात बंद. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या आश्रमाला आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेली २८ माणसं जागची हलू शकली नाहीत. ते आठवलं की हे कलम नुसतं पाठ करायचं राहत नाही.

तालमीत तुम्हाला बोलण्याचं काम मिळालं पाहिजे. मी अशा प्रसंगात उंच, दणकट मुलाला मुद्दाम खाली बसवते. पेशंटच्या भूमिकेतला माणूस येरझाऱ्या घालतोय, आवाज चढतोय, आणि ब्रदरनं खुर्चीवरून न उठता हळू आवाजात विचारायचं, “दादा, काय झालं? कुणी काही बोललं का? पाणी आणू?” नव्वद टक्के मुलं उठतातच. (टक्केवारी माझ्या डोळ्यांची आहे, कुठल्या अभ्यासाची नाही.) उठलं की समोरच्याचा आवाज आणखी चढतो. मग परत पहिल्यापासून.

माझी मुलगी नर्सिंगला आहे. कॉलेजात मनोरुग्णाचं नाटक करायला लावलं म्हणून रडत घरी आली, दोन दिवस जेवली नाही. आम्ही फी भरतो ती नाटकं करायला का? खऱ्या हॉस्पिटलात का शिकवत नाहीत? (पालक, सांगली)

दोन प्रश्न आहेत. दुसरा सोपा. खऱ्या हॉस्पिटलात जायचंच आहे, ते चुकत नाही. अमेरिकेत दहा नर्सिंग कॉलेजांत एक मोठा अभ्यास झाला, २०१४ साली प्रसिद्ध झाला. वॉर्डातले निम्म्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशननं भरून काढले तरी मुलींच्या तयारीत फरक पडला नाही, असं त्यात दिसलं. पण त्यातला ‘चांगल्या’ हा शब्द जड आहे. शिकवणारे प्रशिक्षित हवेत आणि प्रसंगानंतरची चर्चा नीट हवी. आपल्याकडे वॉर्ड कमी करा असं मी म्हणत नाही. वॉर्डात जाण्याआधी तालीम करा म्हणते.

पहिला प्रश्न गंभीर आहे आणि त्यात चूक कॉलेजची असू शकते. पत्रात तुम्ही पुढे लिहिलंय की तुमच्या धाकट्या भावानं तीन वर्षांपूर्वी विष घेतलं होतं आणि मुलीला नेमकी तशाच रुग्णाची भूमिका दिली. ते पत्रातलं मधलं वाक्य आहे, पण माझ्या मते खरं पत्र तेवढंच.

अशा प्रसंगाआधी शिक्षकांनी वर्गाला सांगायला हवं की आज विषय काय आहे, आणि ज्यांना तो जवळचा आहे त्यांनी कारण न सांगता बाहेर बसलं तरी चालेल. मध्येच थांबायचा एक शब्द ठरलेला हवा. आम्ही ‘घंटा’ म्हणतो. कुणीही ‘घंटा’ म्हटलं की सगळं जागच्या जागी थांबतं, का थांबवलं ते विचारायचं नाही. रुग्णाची भूमिका विद्यार्थिनीला शक्यतो देऊच नये, हे माझं मत. तिनं नर्स व्हायला प्रवेश घेतलाय. संपल्यावर सगळ्यांना घरी सोडून द्यायचं नसतं, बसवून बोलायचं असतं. यातलं काय झालं नाही, ते प्राचार्यांना भेटून शांतपणे विचारा. भांडायला जाऊ नका, पण जा.

मुलीशी काकांबद्दल बोला. घरात तो विषय बंद असेल तर तिला रडायला कॉलेजच उरतं. बोलणं जमत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्हीही करू शकता. नंबर नुसता मुलीसाठी नाही.

आमची शाळा तालुक्याच्या गावी. सिम लॅब नाही, एक जुनी डमी आहे तिचा हात निखळलाय. मनोविकार परिचर्येसाठी डमी घ्यायची तर बजेट किती लागेल? (ट्यूटर, बीड जिल्हा)

सर, शून्य. डमी घेऊच नका.

डमीचा मला राग नाही. अमेरिकेत हार्टफर्ड इथल्या परिचारिका शाळेत १९११ साली ‘मिसेस चेस’ नावाची माणसाएवढी बाहुली आली, बाहुल्या बनवणाऱ्या एका बाईंकडून करून घेतलेली. तिच्यावर मुली अंथरूण बदलायला, कूस वळवायला शिकल्या. आज हृदय बंद पडल्याचं, बाळंतपणाचं डमीवर उत्तम शिकवता येतं. पण लाखो रुपयांची डमी संशयानं तुमच्याकडे तिरकी बघत नाही, आणि प्रश्न ऐकून नख खरवडत बसत नाही. आपल्या विषयाला माणूस लागतो. एक खोली, दोन खुर्च्या, एक दार, एक माणूस.

माणूस कुठून आणायचा? गावात हौशी नाटकवाले असतात. राज्य नाट्य स्पर्धेत उतरलेला एखादा तरी असतोच. त्याला जाण्यायेण्याचा खर्च आणि थोडं मानधन द्या, फुकट राबवू नका. लिहून द्यायचे ते संवाद नव्हेत. माणूस कोण, घरी कोण, झोप किती, जेवण किती, काय ऐकू येतं, कशाला भितो, आणि विद्यार्थिनीनं कसं विचारलं तर किती उघडायचं, एवढं लिहा. म्हणजे ‘सरळ आणि हळू विचारलं तर आत्महत्येचा बेत सांगायचा, आडून विचारलं तर नाही म्हणायचं.’ हा धागा सर्व विद्यार्थिनींना सारखा मिळाला पाहिजे, नाहीतर परीक्षेत अन्याय होतो.

बोली बदलत राहा. हे फार महत्त्वाचं. पुस्तकात ‘डिप्रेस्ड मूड’ असतो, वॉर्डात येतं ते “जीवाला बरं वाटंना”, “कशातच मन लागत नाही”, “डोक्यात मुंग्या येतात.” विदर्भातला म्हणतो, “माह्या कानात कोनी बोलते.” मालवणकडचा म्हणतो, “माका कोणतरी हाक मारता.” शहरातल्या मुलींना हे कळत नाही आणि केरळातून शिकायला आलेल्यांना तर दुप्पट कष्ट. त्यांची मी चूक मानत नाही, एकदा एका केरळच्या मुलीनं “मुंग्या म्हणजे कुठे, दाखवा” असं विचारलं आणि पेशंटनं पहिल्यांदा डोक्याला हात लावून नीट सांगितलं. आम्ही मराठी मुली तिथे ‘कळलं’ म्हणून पुढे गेलो असतो. आणि कुणी “बाहेरची बाधा आहे” म्हणालं तर तिथे अंधश्रद्धेवर भाषण नको. “कधीपासून? आधी कुणाला दाखवलं?” एवढं विचारलं की इतिहास मिळतो.

दहा मिनिटांचा प्रसंग असेल तर चर्चेला पंचवीस-तीस मिनिटं ठेवा. आधी विद्यार्थिनीनं बोलायचं, मग पेशंट झालेल्यानं (“तुम्ही पेनाशी खेळत होतात, मला वाटलं घाई आहे”), मग बघणाऱ्यांनी, शेवटी तुम्ही. आपल्याला शेवटी बोलणं जमत नाही, माझी अजून जीभ वळवळते. मार्क त्या दिवशी देऊच नका. आणि नटाला भूमिकेतून बाहेर काढून मगच घरी पाठवा. आमच्याकडे तो खुर्ची बदलतो, तोंड धुतो, आणि सगळ्यांसमोर स्वतःचं खरं नाव, गाव आणि आज घरी भाजी काय आहे ते सांगतो. पोरं हसतात. हसायलाच हवं, त्यासाठीच भाजी.

डमी टाकू नका मात्र. विजेच्या उपचाराआधीची तयारी तिच्यावर शिकवता येते. उपाशीपोटी आहे ना, लघवीला जाऊन आली का, कवळी काढली का, संमतीपत्र आहे का. निखळलेल्या हाताला सलाईन नाही लावता येणार, दुसऱ्या हाताला लावा.

माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे, चौदा वर्षं झाली. गल्लीतली पोरं त्याच्या मागून हातवारे करत त्याची नक्कल करतात. तुम्ही लिहिता की कॉलेजात नट पैसे घेऊन तेच करतात. मग गल्लीतल्या पोरांत आणि तुमच्यात फरक काय? (एक बहीण, नाशिक)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा बाजूला ठेवलं आणि तिसऱ्यांदा उत्तर लिहायला बसले. फरक आपोआप नसतो. सुरुवातीला आमच्यातही नव्हता.

पहिल्या वर्षी मी एका निवृत्त बँक कारकुनाला बोलावलं. नाटकातला जुना गडी, आवाज खणखणीत. मी त्याला ‘स्किझोफ्रेनिया’ एवढाच शब्द दिला आणि स्वतःवर खूश झाले. तो केस विस्कटून आला, डोळे फिरवले, खदाखदा हसला, छताशी बोलला. वर्ग हसून लोटपोट. एक मुलगी तेवढी हसत नव्हती. मागाहून कळलं, तिचा मामा या आजाराचा. त्या दिवशी आम्ही गल्लीतली पोरंच होतो, यात मला शंका नाही. मी तास थांबवला, पण थांबवायला मला सहा-सात मिनिटं लागली, तेही लिहायला हवं.

नंतर माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांना विचारलं. त्यांना हा आजार वीसेक वर्षं आहे, औषधं चालू आहेत, छपाईच्या दुकानात नोकरी करतात. ते आनंदानं आले, त्या नटासमोर बसले आणि म्हणाले, “मी हसत नव्हतो हो. हसायला वेळच नव्हता, सारखं ऐकावं लागायचं.” मग बारीकसारीक सांगितलं. भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसवत नसे. टीव्हीचा आवाज सारखा कमी करायचे, कारण बातम्यांच्या आतून दुसरंच बोलणं यायचं. औषधानं तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचे, कप बशीवर वाजायचा म्हणून लोकांकडे चहा नाकारायचे आणि लोक म्हणायचे, माणूसघाणा झाला. कॅरम मात्र उत्तम खेळायचे, कंप असूनही.

पुढच्या खेपेला त्या नटानं काय केलं? खुर्ची भिंतीला सरकवली. विद्यार्थिनीनं पुढे केलेला चहा “नको” म्हणाला. बाकी जवळजवळ काही नाही. वर्गात कुणी हसलं नाही. ती मुलगी पाच मिनिटं “घ्या ना, घ्या ना” करत राहिली, आणि चर्चेच्या वेळी त्या गृहस्थांनी तिला कप का नको होता ते सांगितलं.

तेव्हापासून आमचा नियम आहे. ज्यानं तो आजार भोगलाय त्यानं वाचल्याशिवाय कुठलाही प्रसंग वर्गात जात नाही. त्याला नटाइतकंच मानधन, आणि चर्चेत त्याची खुर्ची. फरक विचारलात तर इतकाच सांगता येईल की गल्लीत सगळे तुमच्या भावाकडे बघतात. आमच्याकडे सगळ्यांच्या नजरा नर्स होऊ घातलेल्या मुलीवर असतात, कारण परीक्षा तिची चाललेली असते. जिथे नजर पेशंटवर वळते आणि लोक हसतात, तिथे तुमचा राग योग्यच आहे, मग ते कॉलेज कितीही नावाजलेलं असो.

आणखी एक प्रकार असतो, तोही सांगते, कारण त्याबद्दल माझंच मन स्वच्छ नाही. हेडफोनवर पुटपुटणारे, शिव्या देणारे आवाज ऐकवतात आणि त्याच वेळी विद्यार्थिनीला साधी कामं देतात. फॉर्म भरायचा, शंभरातून सात-सात वजा करत जायचं. पॅट्रिशिया डीगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी हा प्रयोग बांधला. त्यांना स्वतःला तरुण वयात स्किझोफ्रेनियाचं निदान झालं होतं, म्हणजे आतून माहीत असणाऱ्या बाईनं केलेला. आम्ही मराठीत आवाज रेकॉर्ड करून मोबाइलवर करून पाहिला. त्र्याण्णव, शहाऐंशी, आणि पुढे मुली अडकल्या. एक म्हणाली, “मॅडम, आम्ही पेशंटला ‘लक्ष द्या’ म्हणून ओरडतो ना…” आणि गप्प झाली. पण अशा प्रयोगांच्या अभ्यासांत दोन्ही दिसलंय. कणव वाढते आणि कधीकधी ‘या माणसांपासून लांबच बरं’ ही भावनाही वाढते. म्हणून मी तो एकटा कधी करत नाही. त्याच दिवशी छपाईवाले गृहस्थ येतात आणि मुलींशी कॅरम खेळतात. सगळ्यांना हरवतात.

भावाला हे पत्र वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण त्याला वर्गात बोलवायचं का, हे मी तुम्हाला विचारणार नाही. ते त्यालाच विचारायला हवं.

मला असा पेशंट व्हायला आवडेल. काय तयारी करू? (हौशी कलाकार, कुडाळ)

वरचं उत्तर दोनदा वाचा. मग अभिनय कमी करा, त्याहून कमी करा. दशावतारातला असाल तर आणखी कमी.

असे नट-पेशंट जुने आहेत हे सांगते, म्हणजे हुरूप येईल. हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञानं १९६३ साली कॅलिफोर्नियात चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका मॉडेलला मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णाची भूमिका शिकवली आणि विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. तेव्हा लोकांनी टिंगल केली. आज जगभरच्या वैद्यकीय परीक्षांत असे ‘पेशंट’ बसतात. कॉलेजला पत्र लिहिताना एक अट आधीच घाला : भूमिका झेपली नाही तर नाही म्हणायची मुभा. आणि घरात नुकतं काही दुःखाचं घडलं असेल तर वर्षभर थांबा.

सिस्टर, तुम्ही स्वतः कधी पेशंट झालात का? (नाव नाही, फक्त “तुमची जुनी विद्यार्थिनी”)

अक्षर ओळखलं. झाले की, एकदाच. नट ऐनवेळी आला नाही म्हणून.

मनाचे टोकाचे चढउतार आवरणारी लिथियमची गोळी चालू असलेली बाई. आषाढी एकादशी निर्जळी केलेली, त्यावर दोन दिवस जुलाब. अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की लिथियम रक्तात साचतं, माणूस थरथरतो, ओकतो, चालताना झोकांड्या खातो, बोलणं जड होतं. विद्यार्थिनीनं संध्याकाळची गोळी घेऊन यायचं, एवढंच तिला माहीत. तिनं गोळी दिली, पाणी दिलं. मी पेला मुद्दाम इतका थरथरवला की अर्धं पाणी तिच्या युनिफॉर्मवर. ती ओरडली, “मावशी, नीट धरा ना!” मी दुसऱ्यांदा सांडलं. तिसऱ्यांदा ती थांबली, माझ्या हाताकडे बघत राहिली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, “कालपासून पोटात काय गेलंय तुमच्या?”

“एकादशी होती बाई,” मी म्हटलं.

तिनं गोळी परत ट्रेमध्ये ठेवली. डॉक्टरांना कळवायचं होतं आणि आमच्याकडे खोटा फोन नव्हता, म्हणून टेबलावरचा डस्टर उचलून कानाला लावला आणि नाव, वॉर्ड, किती दिवस लिथियमवर, किती जुलाब, हात कसा थरथरतोय, गोळी थांबवलीय, रक्त पाठवू का, सगळं एका दमात सांगितलं. कानाला खडूची पांढरी पूड लागली होती. ती तशीच लावून तू जेवायला मेसमध्ये गेलीस, आणि कुणी सांगितलं नाही म्हणून माझ्यावर चिडलीस. आठवतंय?